मागच्या ओट्यावरचा मांडव

‘पर्गोला’ हा शब्द आमच्या घरात फॅब्रिकेटरने आणला. त्याच्या मोबाइलमधलं चित्र सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, “मांडवच की हा. दोडक्याचा.” मी हसले होते. तेव्हाच त्यांचं ऐकलं असतं तर मांडव दोनदा घालावा लागला नसता.

नवी मुंबईत ऐरोलीला आमचं रो हाऊस आहे. मागच्या दारी पंधरा बाय चौदाचं अंगण, त्यात स्वयंपाकघराला लागून बारा बाय बारा फुटांचा कोटा फरशीचा ओटा. दार पश्चिमेला, त्यामुळे दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंत ओट्याचा तवा होतो. २०१९ साली तिथे पहिला पर्गोला केला: पातळ लोखंडी पाइप, वर निळसर पॉलीकार्बोनेट म्हणजे प्लास्टिकची शीटं, चार खांब फरशीवरच अँकर फास्टनरने (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) आवळलेले. दोन दिवसांत काम फत्ते. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं आणि आमचं छप्पर दोन खांबांसकट, खांबांच्या तळाशी चिकटलेल्या फरशांसकट उचकटलं. एक शीट शेजारच्या शेवग्यात अडकून दोन दिवस फडफडत होती. लॉकडाऊनमुळे सगळे घरात होते म्हणून कुणाला लागलं नाही.

इथल्याच टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं ड्रॉइंगं काढली. लोकांच्या टाक्या, लोकांच्या शिड्या. स्वतःच्या ओट्याचं मात्र एकही काढलं नव्हतं, त्या फॅब्रिकेटरने हवेत हात फिरवून दाखवलं आणि मी मान डोलावली. दुसऱ्या वेळी आधी कागद घेतला. खाली लिहिलंय ते त्या कागदावरचं.

सगळ्यात आधी एक ठरवा: सावली हवी आहे की पाऊस अडवायचा आहे? दोन्ही हवं असं सगळेच म्हणतात, मीही म्हटलं होतं. पण वर सलग पत्रा आला की तो मांडव राहत नाही, शीड होतं. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येतं. तौक्तेच्या दिवशी कुलाब्याला झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३२ मीटर. दाब येतो चौरस मीटरला सहाशे न्यूटन, म्हणजे ६० किलोच्या आसपास. बारा बाय नऊचं छप्पर म्हणजे दहा चौरस मीटर, तेव्हा सहाशे किलोंचा धक्का. छपराच्या आकाराप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो आणि ऐरोलीत झोत तेवढाच असेल असंही नाही, पण सहाशे किलोंसमोर फरशीतले चार फास्टनर म्हणजे काय ते कळायला एवढं पुरे. शिवाय इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. तो घेतला तर दाब जवळजवळ दुप्पट होतो.

दुसरं, पॉलीकार्बोनेटखाली एप्रिलमध्ये बसून बघा. हवा हलत नाही, वरून ऊन झिरपतं आणि पोळी शेकतो तसे आपण शेकले जातो. पावसात तो आवाज, फोनवर बोलायची सोय नाही. कुणाला घालायचंच असेल तर किमान दहाला एक उतार द्या, ज्या बाजूला यूव्हीचा थर आहे ती बाजू वर ठेवा आणि शीटच्या आतल्या नळ्या उताराच्या दिशेने घेऊन तोंडं टेपने बंद करा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात आत हिरवं शेवाळ दिसेल. आम्ही मात्र दुसऱ्यांदा ठरवलं की पाऊस आला की घरात जायचं.

आता सावली. चित्रात पर्गोला म्हणजे सावली असं वाटतं. खरं तर नुसत्या वाशांची सावली पडते ती वासे कुठल्या दिशेला आहेत त्यावर. ठाणे-नवी मुंबईचा अक्षांश साधारण १९ अंश. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या वेळी, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, वासे कसेही लावा, मधल्या फटींतून ऊन सरळ खाली येणार. तेव्हा मे महिन्यातली भर दुपार वाशांच्या हिशोबातून वगळा. हिशोब करायचा तो तिरप्या उन्हाचा.

पश्चिमेचं ऊन अडवायचं तर वासे उत्तर-दक्षिण हवेत. पूर्व-पश्चिम वाशांच्या फटींतून मावळतीचं ऊन सरळ आत शिरतं. आमच्या पहिल्या फॅब्रिकेटरने पाइप भिंतीपासून बाहेरच्या दिशेला टाकले होते, कारण ती बाजू आखूड आणि माल कमी लागतो. दार पश्चिमेला, पाइपही पश्चिमेला. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, आमच्याकडे घर जागेवर होतं, वासेच फिरलेले होते.

दुसऱ्या मांडवाला वासे भिंतीला समांतर घेतले. वासा चार इंच उभा, दीड इंच जाड, दोन वाशांमध्ये चार इंच फट. उंची आणि फट सारखी असली की ऊन ४५ अंशांच्या खाली आलं की पूर्ण अडतं. मे महिन्यात आमच्याकडे पावणेचारच्या सुमारास ओट्यावरचे उन्हाचे पट्टे बारीक होत होत नाहीसे होतात. पहिल्या दिवशी मी खडू घेऊन बसले होते. शेवटचा पट्टा दोऱ्याएवढा झाला आणि गेला, तेव्हा नवरा चहा घेऊन उभा होता आणि त्याला वाटलं मला काहीतरी झालंय.

तुमचं दार दक्षिणेला असेल तर उलट विचार करा. तिथे थंडीतलं दुपारचं ऊन त्रास देतं, त्यासाठी पूर्व-पश्चिम वासे बरे. आणि उंचीचंही बघा. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवरच असतो. आठ फूट उंच मांडवाची सावली तेव्हा सव्वासात फूट उत्तरेला सरकते. खुर्च्या मांडवाखाली आणि सावली स्वयंपाकघराच्या भिंतीवर, असं होऊ शकतं.

कागदावर भरवसा नसेल तर पंधरा दिवस खोटा मांडव घाला. चार बांबू, सुतळी आणि एक जुनी सुती साडी. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सावलीच्या कडा खडूने आखा. आम्ही हे केलं आणि त्यातूनच सगळ्यात मोठा आक्षेप निघाला. सासूबाई ओट्याच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, “अगं, सगळीकडेच सावली केलीस. मग कुरडया कुठे घालायच्या?”

हा प्रश्न कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही. एप्रिलमध्ये आमचा ओटा म्हणजे वाळवणाचं शेत. गव्हाचा चीक, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगी मिरच्या, नंतर लोणच्याच्या फोडी. म्हणून ओटा बारा फूट खोल असला तरी मांडव नऊ फूटच घेतला, बाहेरचा तीन फुटांचा पट्टा उघडा ठेवला. सकाळी त्यावर घराची आणि मांडवाची सावली असते, पण दुपारी बारानंतर संध्याकाळपर्यंत खणखणीत ऊन. कुरडया दोन दिवसांऐवजी तीन दिवसांत वाळतात, एवढी तडजोड सासूबाईंनी मान्य केली, पण दर वर्षी बोलून दाखवतात. तुमच्याकडे वाळवण नसेल तर कपड्यांची दोरी असेल, तुळस असेल. उन्हाची गरज कशाला आहे ते आधी लिहून काढा.

जमिनीकडे येऊ. आमच्या भागात वर दोन-अडीच फूट मुरमाचा भराव आणि त्याखाली खाडीचा काळा, लोण्यासारखा चिखल. असा भराव वर्षानुवर्षं थोडा थोडा बसत राहतो. घर आपल्या पायावर उभं असतं आणि ओटा भरावावर, दोघं वेगवेगळे खचतात. म्हणून मांडव घराच्या भिंतीला जोडू नका. एक बाजू भिंतीत आणि दुसरी खांबांवर असेल तर दोन-तीन वर्षांत भिंतीपाशी भेग दिसेल, आणि भिंतीत पाडलेल्या भोकांतून पाणी मुरेल ते वेगळंच. चार खांबांवर स्वतंत्र उभा करा, भिंतीपासून दोन इंच मोकळा. सामाईक भिंतीचा आधारही नको, शेजाऱ्यांशी उगाच वाकडं.

प्रत्येक खांबाखाली फरशी कापून दीड बाय दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा, त्यात एम-२० प्रतीचं काँक्रीट. एका खड्ड्यातलं काँक्रीट साधारण ३८० किलो भरतं, चार मिळून दीड टन. वरचे सहाशे किलो आठवतात ना, त्यांना हे उत्तर. काँक्रीट ओलं असतानाच चार बोल्ट बसवून घ्यायचे, त्यासाठी प्लायवुडची भोकं पाडलेली फर्मा करा, म्हणजे बेस प्लेट, खांबाच्या तळाची लोखंडी पाटी, नंतर बिनबोभाट बसते. काँक्रीटचा माथा फरशीपेक्षा चार इंच वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता. लोखंडी खांब कुजतो तो नेहमी तळाशी, जिथे पाणी साचतं आणि झाडूने ढकललेला ओला पाला बसतो.

खणायच्या आधी ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते पाहा. आमच्या मागच्या अंगणातूनच जाते. कागदावरचा चौथा खांब नेमका चेंबरच्या झाकणावर आला होता, तो चौदा इंच सरकवला. तेवढ्याने मांडव किंचित तिरका झाला आहे, माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

परवानगीचं थोडक्यात. सोसायटीची लेखी ना हरकत घ्या आणि साधं मापांचं ड्रॉइंग घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात आधी विचारून या. उघडा सांगाडा आणि पत्र्याचं छप्पर यांकडे कुणीच एका नजरेने बघत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडकडे ज्यांचे टेरेस फ्लॅट आहेत त्यांनी तर स्लॅबमध्ये एकही भोक पाडू नये, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्यांच्या छतातून ते परत येतं. शिवाय उंचावर वारा जास्त असतो. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय काहीच करू नका.

मालाचं काय घ्यावं, यावर प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो. बांबू सुंदर दिसतो, पण प्रक्रिया न केलेला बांबू आपल्या दमट हवेत भुंगा आणि बुरशी दोन वर्षांत संपवतात. पाइनचं लाकूड स्वस्त मिळतं आणि वाळवीला आवडतं. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण लांब तुळयांना जाड सेक्शन लागतो आणि बिल फुगतं. डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या पट्ट्या आधार लांब पडले तर उन्हात लोंबतात. मी सांगाडा लोखंडाचा घेतला आणि वासे जुन्या सागवानाचे. पाडलेल्या जुन्या घरांचं सागवान वखारीत मिळतं, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं म्हणून नंतर पीळ घेत नाही. फक्त रंधा मारण्याआधी मिस्त्रीला प्रत्येक तुकडा चुंबकाने तपासायला सांगा. आमच्या एका वाशात तीन जुने खिळे होते आणि रंध्याचं पातं त्यांनी शोधून काढलं.

बारा फुटांचा वासा दोनच टोकांवर ठेवला तर मध्ये झोळ येतो. म्हणून मधोमध एक जादा तुळई घेतली, दर सहा फुटांवर आधार. वीस वासे लागले, प्रत्येकी अर्धा घनफूट, एकूण दहा घनफूट लाकूड. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. सागात साधा लोखंडी खिळा मारला की पहिल्या पावसात त्याखाली काळा ओघळ उतरतो आणि तो जात नाही. आम्ही खाडीच्या इतक्या जवळ आहोत की ३०४ ग्रेडच्या स्टीलवरही चहासारखे डाग येतात. थोडे पैसे जास्त घालून ३१६ घेतले.

लोखंड घेताना फॅब्रिकेटरशी चौरस फुटात बोलू नका, किलोत बोला. ‘इतके रुपये चौरस फूट’ म्हटलं की पाइप किती जाड हे झाकलं जातं. सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर, चौदा गेज दोन, दहा गेज सव्वातीनच्या जवळ. आमचे खांब तीन बाय तीन इंचांचे आणि तुळया चार बाय दोनच्या, सगळं तीन मिलिमीटर. या दोन्ही बॉक्सचं वजन फुटाला साधारण दोन किलो सत्तर ग्रॅम येतं. आठ फुटांचे चार खांब, बारा फुटांच्या दोन तुळया, नऊ फुटांच्या तीन, आठ बाय आठ इंचांच्या दहा मिलिमीटर जाड चार बेस प्लेटा: एकूण १८५ किलोच्या आसपास. हा आकडा वहीत लिहून मी तीन जणांकडे गेले. एकाने १३० किलो धरले होते. “ताई, एवढं जाड कशाला? बसायचंय ना, गाडी नाही चढवायची,” तो म्हणाला. मी पर्समधून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. तो नंतर भेटला नाही.

खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही. मी तुकडे हॉट डिप गॅल्व्हनाइझ, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून घेतले. त्यात क्रम महत्त्वाचा: आधी कापणं, भोकं, वेल्डिंग, आणि मग झिंकच्या टाकीत. नंतर वेल्डिंग केलं तर तिथला झिंक जळतो आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. म्हणून जोड सगळे नटबोल्टचे. आणि बंद बॉक्सला हवा जायला दोन्ही टोकांशी भोकं ठेवावीच लागतात. वितळलेलं झिंक ४५० अंशांवर असतं, आत अडकलेली हवा आणि ओल फुगून बॉक्स फुटू शकतो. ज्याला हे सांगावं लागतं त्या फॅब्रिकेटरला काम देऊ नका. हॉट डिप जमणार नसेल तर झिंकयुक्त प्राइमरवर एपॉक्सी रंग, आणि पाइपांची उघडी तोंडं एंड कॅपने बंद.

दिवा किंवा पंखा हवा असेल तर तुळईत वायरचं भोक आधीच पाडून घ्या, मी विसरले आणि आता वायर बाहेरून क्लिपांवर लोंबते. सांगाड्याला अर्थिंग आणि त्या लाइनवर तीस मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), यात काटकसर नको. पावसात ओल्या पायांनी आपण त्याच खांबाला धरून चपला घालतो.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतर. एप्रिल-मेमध्ये सगळे फॅब्रिकेटर पावसाळी शेडमागे पळत असतात, तुमच्याकडे येतो तो त्यांचा नवशिका पोरगा. आम्ही नोव्हेंबरात खड्डे खणले, काँक्रीटला चौदा दिवस ओली गोणपाटं घातली, संक्रांतीला सांगाडा उभा होता.

उरली मे महिन्यातली भर दुपार. तिला उत्तर हिरवी शेडनेट, ७५ टक्क्यांची. ९० टक्क्यांची लावली तर खाली कोंदटतं. वाशांच्या खालून ताणायची, आयलेटला दोरी. इथे मी मुद्दाम नायलॉनची दोरी न वापरता साधी सुतळी बांधते. जोराचा वारा आला की सुतळी तुटते आणि नेट सुटते, खांबांवर ताण येत नाही. वळवाच्या पहिल्या वादळात चार सुतळ्या तुटल्या. पाच रुपयांचं नुकसान.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नेट उतरवायची आणि वेलांना जागा द्यायची. मधुमालती लावू नका म्हणणार नाही, संध्याकाळी पांढरी उमलून दोन दिवसांत लाल होणारी फुलं कुणाला आवडत नाहीत, पण तिचं लाकूड जाड होतं आणि ओल्या वेलीचं वजन भलतं भरतं. बोगनवेल बसायच्या जागेवर नको, काटे. जुई हळू वाढते आणि हलकी असते, ती कोपऱ्यातल्या खांबाशी लावली आहे. बाकी वर दोडका आणि कारली, जूनमध्ये बी टाकलं की ऑगस्टात मांडव भरतो, दिवाळीपर्यंत वेल वाळून आपोआप मोकळा होतो. कोवळे ताणे तापलेल्या लोखंडावर करपतात, म्हणून खांबापासून दोन इंच लांब काथ्याची दोरी सोडा, वेल तिच्यावरून चढते. भिंतीकडे जाणारा फुटवा मात्र खुडायचा, भिंतीला ओल लागते.

देखभाल फार नाही. मे महिन्यात वाशांना जवसाच्या तेलाचा एक हात, बोल्ट एकदा पान्याने तपासायचे, कुठे ओरखडा असेल तर झिंकचा ब्रश. हे मी वाळवणाच्या दिवसांत करते, कारण कावळे हाकायला तसंही कुणीतरी ओट्यावर बसावं लागतं. गेल्या ऑगस्टात पहिला दोडका वाशांच्या फटीतून खाली लोंबला. सासूबाईंनी खुर्चीत बसूनच हात वर केला, तो खुडला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय म्हणाला होता गं तो? पर्गोला?”